सुजेचं पान

मालूताई,

परवा आपल्या नर्सिंग शाळेत तुमची शोकसभा झाली. प्रिन्सिपल मॅडम बोलल्या, नव्या ट्यूटर बोलल्या. तुमच्या हाताखाली शिकलेल्या दोघी वॉर्डातली ड्यूटी बदलून आल्या होत्या, त्या बोलता बोलता रडल्या. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सुलोचनाजी, आप तो उनके सबसे क़रीब थीं।" मी उठले, टेबलापर्यंत गेले आणि "मुझसे नहीं होगा" म्हणून परत येऊन बसले. सगळ्यांना वाटलं, बाईला दुःख आवरत नाही. कुणीतरी पाणी आणून दिलं. ते मी मुकाट्याने प्यायले, आणि पिताना स्वतःची इतकी लाज वाटली म्हणून सांगू! दुःख होतंच हो. पण माझं तोंड बंद झालं ते दुःखाने नाही. तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायचे म्हणजे आधी त्या पुस्तकाचं सांगावं लागलं असतं. ते अकरा वर्षं मी तुम्हालाच सांगितलं नाही, तर भरल्या सभेत कुठून सांगणार?

म्हणून आज इथे, विकास नगरच्या घरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहायला बसलेय. प्रज्ञा दोनदा येऊन गेली. "मम्मी, क्या लिख रही हो?" म्हटलं, ताईंना पत्र. पोरगी गॅस बंद करून गेली. भाजी करपत होती.

लखनऊत मी आले तेव्हा मराठीत बोलायला नवऱ्याखेरीज कुणी नव्हतं, आणि टेलिफोन खात्यातून थकून आलेला नवरा कोणत्याच भाषेत बोलत नसे. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मी डबा उघडला आणि तुम्ही लांबूनच म्हणालात, "सुकटीची चटणी! अगं बाई, कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, नागपूरची. "मी साताऱ्याची. आमचे हे रेल्वेत इंजिनीअर. आण इकडे तो डबा." झालं. तुम्ही ब्राह्मणाच्या घरच्या, मी बुद्धविहारात लग्न लागलेली. तुम्ही माझ्या डब्यातली सुकट खात होतात आणि घरी सांगायचं नाही म्हणून मला दटावत होतात. माझं "काहून" ऐकलं की तुम्हाला हसू फुटायचं. "काहून काय गं, का म्हण!" मी मुद्दाम दहा वेळा म्हणायची.

आणि तुमचं आवडतं तेच होतं, का. शिकवायला तुमच्याकडे तो विषय होता ज्याचं नावच मुलींना धडकी भरवायचं, पॅथोफिजिऑलॉजी. तुम्ही पहिल्या तासाला सांगायचात, "नावाला घाबरू नका. शरीर चालतं कसं ते तुम्ही शिकलात. रोगांची नावं पुढे शिकाल. हा विषय मधला आहे. चांगलं चाललेलं बिघडतं कसं, एवढंच." हे तुम्ही हिंदीत सांगायचात, तुमच्या त्या साताऱ्याच्या हिंदीत, आणि मुली खुसूखुसू हसायच्या, पण त्यांना कळायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षी मॅडमनी सांगितलं, या विषयाला नवं पुस्तक लावायचंय. दोघी मिळून निवडा. आपण रिक्षाने अमीनाबादला गेलो. तिथल्या पुस्तकांच्या गल्लीतल्या चष्मा लावणाऱ्या दुकानदाराने दोन स्टुलं मांडली, चहा मागवला आणि आपल्यासमोर पुस्तकं रचली. मी आपली वजनाने आणि कागदाने बघत होते. जाड, गुळगुळीत, परदेशी छपाईचं ते निळं पुस्तक मी मांडीवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. दुकानदार म्हणाला, "बहनजी, डॉक्टर लोग भी यही ले जाते हैं।" बस, माझं ठरलं.

तुम्ही मात्र एकेक पुस्तक घेऊन शेवटून उघडत होतात. सूचीत सूज शोधायची, ते पान काढायचं, वाचायचं, बंद करायचं. दुकानदाराला वाटलं बाईंचे पाय सुजतात. "कोई तकलीफ़ है बहनजी?" तुम्ही म्हणालात, "मला नाही, पुस्तकाला आहे का ते बघतेय." तो बिचारा मराठी न कळून हसला.

रिक्षात तुम्ही मला समजावलंत. सूज हा सगळ्यात साधा प्रकार, गावातली म्हातारीही ओळखते. पण ती का येते हे नीट सांगायचं तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्त, सगळ्यांची नावं घ्यावी लागतात. जे पुस्तक सूज सांगू शकतं ते बाकीचं सांगतं. आधी धडधाकट शरीरात काय होतं, मग काय बिघडतं, मग डोळ्यांना काय दिसतं, मग नर्सने काय करायचं, ही साखळी तुटली की पुस्तक वाया. आणि तुमच्या हातात काय होतं? मळकट पिवळ्या पुठ्ठ्याचं, बोटभर जाडीचं, इथल्याच कुणा मास्तराने सोप्या इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक. चित्रं हाताने काढलेली. मी म्हटलं, "ताई, हे तर गाईड दिसतंय." तुम्ही म्हणालात, "दिसू दे. तुझ्या निळ्यात थंड देशांतल्या रोगांना एकेक प्रकरण आहे नि कुपोषणाला दीड पान. इथल्या वॉर्डात कोण येतं गं?"

मला ते झोंबलं.

मग ती तुमची परीक्षा. अजून डोळ्यांसमोर आहे. शाळेच्या फाटकाशी स्टुलावर बसणारी आपली रामदुलारी आया, कालव्यापलीकडच्या गावची, अक्षरशत्रू, तोंडाने फटकळ. तुमचा नियम असा की वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलीने सुजेचं पान एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि जाऊन रामदुलारीला सांगायचं. रामदुलारीला समजलं तर पुस्तक पास. निळं पुस्तक वाचून पुष्पा गेली. घाम पुसत काहीतरी बोलली. रामदुलारी म्हणाली, "ई का बोलत हो बिटिया, हमरे पल्ले नाहीं पड़ा।" दुसऱ्या दिवशी पिवळं पुस्तक वाचून तीच पुष्पा गेली. रामदुलारीने ऐकलं, स्वतःच्या पायावर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाली, "हाँ, समझ गए।" तुम्ही खिडकीतून लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्यात.

आणि मी? मी तिथे उभी राहून जळत होते. पुस्तक आयाने पास करायचं? डॉक्टर लोकांची पुस्तकं त्यांचे मोठे मोठे प्राध्यापक निवडतात, आणि आमची फाटकावरची रामदुलारी?

माझं काय दुखत होतं ते तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. आज सांगते. माझा बाप कापडगिरणीत होता. मी मॅट्रिकला बसले तेव्हा वर्गशिक्षकांकडे शास्त्राचं पुस्तक मागायला गेले होते. त्यांनी कपाट उघडलंसुद्धा नाही. "तुला काय करायचंय एवढं जाड? गाईड वाच, तुझ्यापुरतं पुरे." तुझ्यापुरतं पुरे! हे दोन शब्द मी लखनऊपर्यंत पदराला बांधून आणले होते, ताई. माझ्या वर्गातल्या मुली कोणाच्या होत्या? चपराशांच्या, शेतमजुरांच्या, एक तर रिक्षावाल्याची. त्यांच्या हातात मला जाड पुस्तक बघायचं होतं. त्यांनी ते छातीशी धरून डॉक्टरांच्या समोरून जावं, एवढंच मला हवं होतं. आत काय लिहिलंय ते मी नीट बघितलंच नव्हतं. सुजेचं पान तर मी उघडलंही नव्हतं.

मॅडमच्या खोलीत बैठक झाली. सहा जणी होत्या. तुम्ही शांतपणे पिवळ्या पुस्तकाचं सांगितलंत, पुष्पाचं, रामदुलारीचं सांगितलंत. दोघीतिघी माना डोलवायला लागल्या. आणि माझ्या जिभेला हाड कुठलं! मी म्हटलं, हिंदीत म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून, की ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाड पुस्तकं होती त्यांना पातळ पुस्तकाचं कौतुक परवडतं. आमच्या मुलींना एवढंच पुरे, हे मालतीजींनी ठरवायचं नाही. त्यांच्या मुलाला इंजिनीअरिंगला त्या गाईड देतात का?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं होतं तुम्ही चिडाल, मला दोन ठेवून द्याल, मग मीही दोन देईन. तसलं काही नाही. तुम्ही पिवळं पुस्तक पिशवीत घातलंत आणि मॅडमना म्हणालात, "सुलोचना ठीक कह रही है। नीली किताब मँगवा लीजिए।"

ठीक कह रही है. म्हणजे काय ते मी अकरा वर्षं विचार करतेय. माझं अर्धं बोलणं मी आजही मागे घेत नाही बरं का ताई. जगात असतात तशी माणसं, कपाट न उघडणारी. ती मी पाहिलीत. पण तुम्ही त्यांतल्या नव्हता, आणि हे मला बोलण्याआधीही ठाऊक होतं, बोलतानाही ठाऊक होतं. माझ्या त्या मास्तरांना जे बोलायला हवं होतं ते मी तुमच्या तोंडावर फेकलं, कारण तुम्ही समोर होतात आणि तुम्ही उलट बोलणार नाही याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही नेहमीसारखा डबा पुढे केलात. मीही माझा केला. तुम्ही सुकट घेतली नाहीत. म्हणालात, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. खरं होतं की नाही, मी विचारलं नाही. त्या सत्रापासून तुम्ही तो विषयही मला देऊन टाकलात आणि स्वतः बालसंगोपन घेतलंत.

निळं पुस्तक आलं. मुलींनी त्याला कव्हरं घातली. काय सांगू, सुरुवातीला किती छान दिसायच्या! आणि मग पोपटपंची सुरू झाली. सगळ्यात हुशार होती ती शकुंतला. सुजेची कारणं विचारली की इंग्रजीत धडाधड, स्वल्पविरामांसकट. मी तिला पूर्ण मार्क दिले.

वॉर्डातला तो म्हातारा तुम्हाला माहीत नाही. मी कळू दिलं नाही. कापडावर चिकनचं भरतकाम करणारा कारागीर होता, हृदय थकलेलं, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. उतार पडला, घरी सोडायचं ठरलं. त्याची बायको शकुंतलेला विचारते, "बिटिया, पैर क्यों सूज जाते हैं इनके?" आणि आमच्या शकुंतलेने निळ्या पुस्तकातलं पान तिच्यासमोर म्हणून दाखवलं. शेवटी औषधांच्या नावांत मिठाचं एक वाक्य कुठेतरी होतं, तेही इंग्रजीत. ती बाई अदबीने ऐकत राहिली, "जी, बहुत शुक्रिया" म्हणाली, आणि नवऱ्याला रिक्षात घालून घेऊन गेली. आठ दिवसांनी परत आणलं तेव्हा त्याला आडवं झोपता येत नव्हतं. काय खायला देत होतात? म्हणाली, आजारपणाने तोंडाची चव गेली होती, म्हणून रोज अचार आणि नमकीन. मी भडकले. तुम्हाला सांगितलं नव्हतं का? तर म्हणते कशी, "बताया तो था बिटिया ने, इतनी मेहनत से बताया। दोबारा पूछना अच्छा नहीं लगा, कहीं बुरा न मान जाए।"

तो गेला. मिठानेच गेला असं कुणी म्हणणार नाही, त्याचं हृदय आधीच हरत आलेलं होतं. पण ती बाई आमच्या मुलीचा मान राखायला गप्प बसली, आणि मुलीला गप्प बसलेली बाई आणि समजलेली बाई यांतला फरक कळला नाही. शकुंतलेचं काय चुकलं? पुस्तक तिने नव्हतं निवडलं.

त्याच आठवड्यात मी ग्रंथालयात गेले. तुमचं पिवळं पुस्तक नमुन्याची प्रत म्हणून कोपऱ्यात पडलं होतं. ते मी पर्समध्ये घालून घरी आणलं. तेव्हापासून आजपर्यंत मी त्यातूनच शिकवतेय, ताई. टेबलावर निळं उघडं ठेवायचं आणि फळ्यावर पिवळ्यातलं लिहायचं. कुणाला कळलं नाही. मुलींना वाटायचं, सुलोचना मॅडम किती सोपं करून सांगतात. माझं कौतुक व्हायचं! एकदा स्टाफरूममध्ये तुम्हीच म्हणालात, "पोरी सांगतात, तुझा सुजेचा तास फार छान होतो." मला तेव्हा सांगता आलं असतं. समोर दोघींचे चहाचे कप होते, बाकी कुणी नव्हतं. ताई, ते तुमचं पुस्तक आहे, तुम्ही बरोबर होतात, मी नालायकासारखी बोलले. किती वेळ लागतो एवढं बोलायला? मी म्हटलं, "हाँ, ठीक होता है." मराठी सोडून हिंदीत गेले, म्हणजे तुम्हाला कळायला हवं होतं की मी लपवतेय. कदाचित कळलंही असेल.

पुढे पुढे तर मला सवयच झाली. यंदा बोलू, दिवाळीला बोलू, तुम्ही रिटायर व्हाल त्या दिवशी बोलू. रिटायर झालात, हार घातला, फोटो काढला, बोलले नाही.

आणि मग गेल्या महिन्यात तुम्ही इस्पितळात. मी भेटीच्या वेळेला आले तर तुम्ही तीन उशांना टेकून बसलेल्या, धाप लागलेली, तरी माझ्या साडीच्या रंगाला नावं ठेवलीत. मी पांघरूण सारखं करताना तुमचे पाय पाहिले. घोटा कुठे ते दिसत नव्हतं. सवयीने अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. आणि तुमच्या डोळ्यांत तो जुना खट्याळपणा आला.

"सुलू, सांग बघू, माझे पाय काहून सुजले?"

काहून म्हणालात! आयुष्यभर माझी थट्टा करून शेवटी तुम्ही काहून म्हणालात.

"पुस्तकातलं नको. रामदुलारीला सांगशील तसं सांग."

मला सगळं येत होतं, ताई. ते पान मला पाठ आहे. पण ती वाक्यं तोंडातून निघाली असती तर तुम्ही ती ओळखली असती, तुमचीच ती. आणि खरं सांगायचं म्हणजे तुमचं हृदय आता पुरं पडत नाही हे तुम्हाला सांगायचं. दोन्ही टाळून मी म्हटलं, "काही नाही हो ताई, बसून बसून येते सूज. मीठ कमी करा, होईल बरं."

तुम्ही हसून म्हणालात, "नापास."

आणि डोळे मिटलेत. घंटा झाली, मी उठले. रविवारी निवांत येऊन बोलू असं ठरवलं, खरंच ठरवलं होतं. तुम्ही शुक्रवारी गेलात.

परवाची सभा संपल्यावर मी बाहेर आले तर फाटकाशी, तिच्या जुन्या जागी, रामदुलारी बसलेली. नोकरी सुटून किती वर्षं झाली तिची! कुणीतरी निरोप दिला म्हणून नातवाच्या सायकलवर बसून आली होती. आत बोलवायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. ती म्हणाली, "बिटिया, बहिनजी के पाँव काहे सूज गए रहे?"

मग मी सांगितलं. हिंदीत, हळूहळू. म्हटलं, हृदय म्हणजे पाणी ओढणारा पंप. तो थकला की पुढचं पाणी पुढे जात नाही, मागचं तुंबतं, आपली मोरी तुंबते ना तसं. तुंबलेलं रक्त नळ्यांवर जोर देतं, त्यातलं पाणी बाहेर पाझरतं. पाणी उतारानेच जाणार, म्हणून आधी पाय सुजतात. तिकडे मूत्रपिंडाला वाटतं, माझ्याकडे रक्त कमी येतंय, शरीरात पाणी कमी पडलं. ते बिचारं जपून ठेवायला म्हणून मीठ धरून ठेवतं, मिठामागे पाणी धरून ठेवतं. चांगलं करायला जातं आणि ओझं वाढवतं. थकलेल्याला आणखी ओढावं लागतं. असं करत करत एक दिवस तो पंप थांबतो.

रामदुलारीने स्वतःच्या पायावर अंगठा दाबून पाहिला, तेव्हासारखाच. बराच वेळ मान हलवत राहिली.

"हाँ, समझ गए।"

मग पदराने डोळे पुसत तिने विचारलं, "तुम बहिनजी को बताए रहीं ई सब?"

मी म्हटलं, "नहीं।"

"काहे?"

ते मला तिला सांगता आलं नाही, ताई. पुष्कळ प्रयत्न केला. तिला समजेल असं एकही वाक्य मला जुळवता आलं नाही.

तुमची,
सुलू